भोयर कंपनीतील माझे शेअर आणि कौशल्येची सही

मी, आनंदराव सखारामजी भोयर, वय एकसष्ट, धंदा रस्ते व पुलांची ठेकेदारी, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, मुंबई राज्य, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत कळ येऊन गेली, डोके मात्र जागेवर आहे. दाब आणण्याचा प्रयत्न फक्त माझा धाकटा भाऊ कृष्णकांत याने केला. आम्हा पतिपत्नीस मूलबाळ नाही, तेव्हा कंपनी दादांमागे आपल्या हाती यावी आणि वहिनींनी अन्नवस्त्र घेऊन स्वस्थ बसावे, असे त्याचे म्हणणे. त्याचा निकाल मी जिवंतपणीच लावून ठेवतो.

कलम पहिले. दोन ट्रक, रोलर आणि गिट्टीची खदान यांची या मृत्युपत्रात वाटणी नाही. ती माझी नाहीत, कंपनीची आहेत. हे वाक्य मला न अडखळता लिहिता आले, त्याचे श्रेय माझी पत्नी कौशल्या हिचे.

कलम दुसरे. ओळंबा, गुण्या आणि थापी ही गवंडीकामाची हत्यारे मात्र माझी. ती आमच्या कामावरील किसनराव मिस्त्रींस द्यावीत. त्यांनी ती वापरावीत, देव्हाऱ्यात ठेवू नयेत.

कलम तिसरे. राहते घर कौशल्येस. हिंगणीजवळ मी घेतलेले शेत कृष्णकांतास. विहिरीला पाणी आहे, तक्रार करू नये.

कलम चौथे. भोयर कन्स्ट्रक्शन प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीतील माझे सर्व शेअर माझी पत्नी सौ. कौशल्याबाई हिला हयातीपर्यंत मिळावेत.

या कलमाला जरा पाल्हाळ लागेल. सन १९५१ मध्ये नागपूरचे वकील दत्तोपंत बोरगावकर यांच्या सल्ल्याने मी कंपनी काढली. त्यांनी समजावले की कंपनीचा पैसा घरी आणायचे रस्ते चार: पगार, भाडे, लाभांश आणि उचल. सगळा नफा एकट्याने घेतला तर कराचा दर चढत जातो. दोघांत रीतसर विभागला तर दोघेही खालच्या पायरीवर राहतात. म्हणून कौशल्येला डायरेक्टर करून पगार ठरवला, चेकवर दोघांच्या सह्या ठेवल्या आणि तिच्या वडिलांनी तिला दिलेल्या जागेवरचे गुदाम कंपनीने भाड्याने घेतले. मी दिलेली जागा चालली नसती. नवऱ्याने दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न फिरून नवऱ्याच्याच माथी येते.

आम्ही ठेकेदार लोक बायकोला डायरेक्टर करतो ते कागदापुरते. शनिवारी मजुरांचा चुकारा झाला की पेटीत उरलेले बंडीच्या खिशात, हीच आमची चाल. कौशल्येने मात्र कागद वाचले. एकदा गुदामाचे भाडे थकले तर सिमेंट आत, मजूर दाराशी आणि किल्ली कमरेला खोचून ही भाकरी थापत बसलेली. मी आरडाओरडा केला. भाकरी उलटत ती म्हणाली, "भाडं द्या, कुलूप काढतो."

बंडूजी ठेकेदारांनी माझे पाहून कंपनी काढली. त्यांच्या मंडळींना आयकराच्या साहेबांनी कंपनीचे नाव विचारले, तर त्या माऊलीने "यायले विचारा" म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवले. बंडूजी चारचौघांत मला बायकोच्या ताब्यातला ठेकेदार म्हणतात. बरोबर म्हणतात. माझ्या तेरवीचे बोलावणे त्यांना अवश्य द्यावे.

सन १९५६ मध्ये कृष्णकांताच्या मुलीचे, पद्माचे लग्न ठरले. त्याला पाच हजार हवे होते. मी कंपनीतून उचल घेण्यासाठी चेक लिहून कौशल्येपुढे ठेवला.

"मी सही नाई करत," ती म्हणाली. "वकिलायनं काय सांगतलं होतं? आता उचल घेतली का सरकार तिले लाभांशच समजते. टॅक्स तर लागनच, अन् कंपनी रिकामी झाली तर पुलाचं काम कशावर करसान?"

"अवं, घरचं लग्न आहे!"

"घरचं आहे म्हणूनच. ते मी पाह्यतो. कंपनीले हात नका लावू."

मी रागावून खदानीवर जेवलो. कृष्णकांताला एवढेच कळले की वहिनींनी सही नाकारली. तेव्हापासून तो तिच्या हातचा चहा घेत नाही. आता त्याने पुढचे नीट वाचावे. लग्नात मी तुला दिलेले पाच हजार माझे नव्हते. ते कौशल्येच्या गुदामाच्या भाड्यातून साठलेले, सगळेच्या सगळे. "तुमच्याच हातानं द्या," ती म्हणाली होती, "भावजीले वहिनीच्या पैशाचं ओझं काऊन?" सांगू नका अशी तिची शपथ होती. मरणाऱ्या माणसाला ती मोडण्याची मुभा असावी.

पुढल्या वर्षी आयकर अधिकाऱ्यांनी नागपुरास बोलावले. त्यांना शंका होती की कौशल्येचा पगार म्हणजे कर चुकवण्याची युक्ती. दत्तोपंतांनी तिला शिकवून नेले होते, ते ती सारे विसरली.

"बाई, तुम्ही कंपनीत नेमके काय काम करता?"

"मी यायले नाई म्हणतो."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. साहेब हसले आणि म्हणाले, दाखवा. तिने पिशवीतून माझ्या एकट्याच्या सहीचा तो चेक काढून टेबलावर ठेवला, सही का नाकारली तेही सांगितले. तिचा पगार मंजूर झाला. मी नाल्यांवर पूल बांधले, साहेबलोकांकडून हार घेतले, पण त्या खोलीत माझी छाती जशी फुगली तशी कधी फुगली नव्हती. कर वाचवण्यासाठी मी डायरेक्टर नेमला आणि मला माणूस मिळाले. या बाईपुढे मी मनापासून नतमस्तक आहे, आणि हे तोंडाने सांगणे मला जमले नाही म्हणून इथे लिहितो.

आता 'हयातीपर्यंत' या शब्दाविषयी. तो वकिलांच्या मसुद्यात कृष्णकांताने आग्रहाने घालून घेतला. विधवेला हयातीपुरतेच द्यायचे, ही जुनी चाल. नवा कायदा बाईला पूर्ण मालक मानतो, पण मृत्युपत्रानेच मर्यादा घातली तर ती टिकते, असे दत्तोपंत सांगतात. मसुदा उतरवताना मी तो शब्द मुद्दाम तसाच उतरवला आहे. हे सर्व मी साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचीन आणि मग कृष्णकांताच्या देखत तो खोडीन. शेअर कौशल्येचे, पूर्ण मालकीने. तिने विकावेत, ठेवावेत, कोणास द्यावेत, तिची मर्जी.

वाचून दाखवले, मान्य आहे, सही करतो.

आनंदराव सखारामजी भोयर
मुक्काम हिंगणघाट, ता. ९ नोव्हेंबर १९५८

आम्ही एकत्र हजर असताना आनंदरावांनी वरील सही केली व त्यांच्यासमोर आम्ही साक्षीच्या सह्या केल्या.

१. दत्तोपंत बोरगावकर, वकील, नागपूर
२. कृष्णकांत सखारामजी भोयर, हिंगणघाट

खोडाखोडीची नोंद: चौथ्या कलमातील 'हयातीपर्यंत' हा शब्द सह्यांपूर्वी दादांच्या सांगण्यावरून व त्यांच्यासमोर मी माझ्या हाताने खोडला आहे. शेजारी तिघांच्या सह्या आहेत. सह्या चहा झाल्यावर केल्या. चहा वहिनींनी केला होता. मी घेतला.
— कृष्णकांत