तोरूचे पंचवीस

आदरणीय भाऊजी,

उल्जानचा सलाम. तुम्ही, जाऊबाई, मुलं आणि जनावरं सुखरूप असाल, आत-बाशीत गवत वाळून झालं असेल आणि तुमचा गुडघा थंडीच्या आधीच कुरकुरायला लागला नसेल, असं धरून चालते. मी बरी आहे. फोनवर मी ‘हो’ आणि ‘बरं’ याच्यापुढे जात नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून पत्र लिहून आपल्या मेदेरच्या हाती देते आहे.

ह्यांना जाऊन वर्ष होतंय. रविवारी ह्यांच्या आठवणीचा, वर्षाचा आश. जेवण आहे, शर्यत आहे. ह्यांच्या घोड्यावर, तोरूवर, वर्षभर कुणी बसलेलं नाही, दुखवट्याचं म्हणून शेपूट कापलेलं आहे, सगळं रीतीप्रमाणे. आता रीतीप्रमाणेच तो कापून आशच्या जेवणासाठी कढईत जायचा, असं मोठ्या काकांचं म्हणणं. (सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, त्यामुळे तीस वर्षं ते माझे ‘मोठे काका’च आहेत.) मी हळूच म्हटलं की तोरू जोरात धावतो, त्याला ह्यांच्या नावाने शर्यतीत सोडू या. काका म्हणाले, “किती जोरात?” मी म्हटलं, “अकरा.” खिंडीतल्या हवामान केंद्रावर मी जन्मभर वाऱ्याचा वेग मोजला. तिथे सगळं एका सेकंदाला किती मीटर या हिशोबात चालायचं, आणि तोरूही मी ह्यांच्या हट्टापायी तसाच मोजला होता. काका म्हणाले, “अकरा? अगं, याहून जोरात माझी सासू पळायची, तीही बादल्या घेऊन!” माणसं इतकी हसली की पुढे समजावून सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

शेवटी मेदेरच्या गाडीने निकाल लावायचा असं ठरलं. ही गाडी अमेरिकेतून आली आहे. काटा नाही, काचेमागे नुसता आकडा उमटतो. मेदेर सांगत सुटला होता की ही साठवर ठेवली तरी रस्त्यावरचे सगळे मागे पडतात. (खरंच पडत होते.) कुरणात तोरू धावला, बाजूने गाडी धावली, आकडा आला पंचवीस. ताशी पंचवीस किलोमीटर! काका म्हणाले, “सूनबाईच्या अकरापेक्षा बरा, पण मेंढी चिडली तर याच्या पुढे जाईल. घाला कढईत.” अकराला तीन पूर्णांक सहाने गुणलं की ताशी चाळीस होतात, हे मला झोपेतही येतं. पण मनात म्हटलं, वर्षभर उभा राहून म्हातारा झाला असेल. आपण नाही का झालो.

शुक्रवारी सकाळी मी आणि मेदेर तांदूळ आणायला कोचकोरला गेलो. परत येताना पोलिसाने अडवलं. म्हणे साठच्या रस्त्यावर सत्त्याण्णवने चालला होतात. मेदेर शपथा घ्यायला लागला, “साठच होते, साहेब! या मामींना विचारा, या खोटं बोलत नाहीत, खरंही फारसं बोलत नाहीत.” पोलिसाने आत डोकावून पाहिलं आणि पोट धरून हसला. “अरे शहाण्या, हे मैल आहेत! एका मैलात एक पूर्णांक सहा किलोमीटर. तुझी गाडी जोरात नाही, तुझं गणित हळू आहे.” दम देऊन सोडलं, आणि हळू चालवतोय का ते बघायला आमच्या मागोमाग निघाला.

पुढे शाळेजवळ चाळीसची पाटी आली. मेदेरने बोटांवर भागाकार करून गाडी पंचवीसवर आणली. मी त्या पंचवीसकडे बघत राहिले. हाच तोरूचा आकडा! पंचवीस मैल म्हणजे चाळीस किलोमीटर, आणि चाळीस किलोमीटर म्हणजे माझे अकरा. घोडा तोच होता, भाऊजी, मापंच तीन होती. मी म्हटलं, “मेदेर, पळव.” तो म्हणाला, “मामी, मागे बघा!” मग काकांना फोन लावला. “नंतर बोल गं, हात धुतोय,” म्हणून त्यांनी ठेवून दिला. जनावर कापायच्या आधी हात धुतात ते मला माहीत होतं. त्यानंतरचा सगळा रस्ता आम्ही कायद्याने काटला. एक गवताचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, वर टोपी उचलून.

अंगणात पोचलो तर तोरूचे पाय बांधलेले आणि काकांचे तळवे दुआसाठी वर. एकदा ते खाली आले की संपलं. मी दारातून ओरडले. आणि काय ओरडले, तर त्यांचं नाव! नुसतं नाव, मागेपुढे काही नाही. (इथेही लिहिणार नाही.) सगळं गाव थिजलं. काकांचे हात वरच राहिले. म्हणाले, “सूनबाई, मी मेलो की काय?” मग मी आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलले, मीटर, किलोमीटर, मैल, सगळं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण नावाचा धक्का इतका होता की त्यांनी स्वतःच दोर सोडला. तोरू रविवारी ह्यांच्या नावाने धावेल.

तुमची,
उल्जान

ता. क. : तोरू वाचला, पण कढई रिकामी आहे आणि दोनशे माणसं येणार आहेत. तुमची ती लठ्ठ पांढरी घोडी आठवली. मेदेरच्या मागून ट्रक येतो आहे, दोर त्यातच आहे.

ता. क. २ : ती चांगली धावते असं तुम्ही म्हणाल. मोजून देईन. पण मीटर-सेकंदात, म्हणजे आकडा लहान येईल आणि तिला निरोप देणं तुम्हाला सोपं जाईल.