पाव्हण्यांना दाखवलेलं अमेरिकेचं पुस्तक

३ मार्च, सोमवार

जीपमधून सगळ्यात आधी उतरली ती पोराची आत्याबाई. तिच्यामागं पोरगा, पोराचा बाप त्याच्याबी मागं. तवाच म्हणलं, ह्या घराचा कासरा हिच्या हातात हाय. चप्पल काढायच्या आधी तिनं आमच्या पत्र्याकडं बघितलं, गोठ्यात डोकावली, मग मला वाकून नमस्कार. गेवराईची माणसं, आमच्या नंदीला बघाय आलती.

नंदी माझी नात, बबनची लेक. बारावी झाली. तिला औरंगाबादला चित्रं शिकायच्या कॉलेजात जायचंय, अन् बबनला तिला उजवून मोकळं व्हायचंय. मला कोण इचारतंय? म्हणून मी माझं मीच ठरवलं.

चहा झाला. नाव सांग झालं, चालून दाखव झालं. आत्याबाई म्हणली, रंग जरा उतरलेलाच हाय. (स्वतः तव्याच्या बुडासारखी.) मग म्हणली, पोरीच्या हातचं काम दाखवा. सुनेनं रुमाल, तोरण, लोकरीचा गणपती मांडला. मी तोरणाखाली हळूच अमेरिकेचं चित्रांचं पुस्तक सरकवलं.

आत्याबाईनं उघडलं. आधी घर, मग गाय, बर्फाचा रस्ता. मग ती बाई. खिडकीपाशी पाठमोरी उभी, अंगावर सूत न्हाई. पोराच्या बापानं कपातच तोंड घातलं. आत्याबाई म्हणली, हे कुणी काढलं?

म्हणलं, "आमच्या नंदीनंच. असलं लई झ्याक काढती."

पोहे तसेच टाकून निघाले. पोराच्या मिशीला खोबरं तसंच. मी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबला अन् पोट दुखंस्तवर हसले.

४ मार्च, मंगळवार

बबन बोलत न्हाई. सून बोलती, पण भांड्यांशी. मला मात्र आज भाकर दोन घास जास्तच गेली.

पुस्तकाचं लिहायचं राहिलं. पाटोद्याच्या रद्दीवाल्या शफीकभाईनं नंदीला दिलेलं, तराजूत घालायचं जिवावर आलं म्हणून. अमेरिकेत एक चित्रं काढणारा, त्याच्या सुरवातीच्या कामाचं प्रदर्शन भरलतं, त्याचं हे पुस्तक. कागद कसा, गुळगुळीत, जाड. नंदी सांगती, पुढं तो लई नावाजला, अन् नावाजल्यावर नुसते रंगाचे पट्टे काढाय लागला. मी म्हणलं, मग आधीचंच बरं की. गाय गायीसारखी तरी दिसती.

ती उघडी बाई त्याची बायको म्हणं. आपल्या बायकोला असं उभं करून जगाला दाखवायचं… असो. नंदी म्हणली, आज्जे, तिला थंडी वाजतीय, मान बघ. बघितली. खरंच आखडलेली.

पोरीनं पाय चेपून दिले. म्हणली, आज्जे, तू लई बेरकी. एवढं कौतुक माझं माझ्या नवऱ्यानंबी कवा केलं न्हाई.

७ मार्च, शुक्रवार

शेजारची कौशी आली. तोंडात पान, पोटात बातमी. गेवराईच्या घरातला थोरला पोरगा, बघाय आलेल्याचा भाऊ, त्याची बायको हात मोडून माहेरी गेली ती परत आलीच न्हाई. सासरचे म्हणतेत दारात पडली. दार काय माणूस बघून मारतं व्हय? मी म्हणलं बघ, माझं पुस्तक कामाला आलं, पोरगी वाचली. बबनलाबी ऐकवलं. चुलीला ऐकवल्यावानी.

मग कौशीनं मोबाईल काढला. आत्याबाईनं (लांब पडतं, आ.बाई लिहिते) जाता जाता त्या पानाचा फोटो घेतलता. मला कसं दिसणार, मी मोरीत हसत होते. फोटो मांजरसुंब्यापर्यंत फिरतोय. खाली लिहिलंय, "पोरीच्या हातची कला, आरशात बघून."

कौशी म्हणली, पोरं इचारतेत, पाठ ओळखू येती का. मी म्हणलं, तुझी असती तर फोटोत मावली नसती. गेली फणकाऱ्यानं. बरं वाटलं. थोडा वेळ.

११ मार्च, मंगळवार

नंदी पाटोद्यात लहान पोरींना रांगोळी-मेंदी शिकवायची. क्लासवाल्या बाईनं सांगितलं, काही दिवस येऊ नको, आया कुरकुर करतेत.

येताना एसटीत मागच्या सीटवरून कुणीतरी तिच्या पाठीवर बोटानं चित्र काढलं. मानेपासून खाली, सावकाश. तिनं वळून बघितलं न्हाई. मी म्हणलं, कावून न्हाई बघितलं? चप्पल नव्हती का पायात?

म्हणली, "बघितलं असतं तर वळखीचं निघालं असतं, आज्जे."

आष्टीचं एक स्थळ येणार होतं. येत न्हाई म्हणून निरोप आला. मला आनंदच. बबन भिंतीकडं तोंड करून पडलाय. त्याला म्हणलं, आता तरी कॉलेजात धाड. म्हणला, गप बस, तुझ्यामुळंच झालं समदं.

१४ मार्च, शुक्रवार

काल शिमगा. होळी पेटली, पुरणपोळीचा निवद टाकला, पोरांनी बोंब मारली. बोंब मारताना एकेकाचं नाव घ्यायची चालच हाय. सरपंचाचं घेतेत, कंडक्टरचं घेतेत, एकदा माझंबी घेतलंय, तवा मी उलट दुप्पट मारली. काल नंदीचं घेतलं. नावापुढं काय काय जोडलं ते मी लिहीत न्हाई. नंदी माझ्या शेजारीच उभी होती. कौशीचा नवरा तर खाली बसून हसला.

बबन घरात गेला, पुस्तक आणलं, नंदीच्या हातात दिलं.

"तुझ्या हातानं टाक. समद्यांना दिसू दे."

तिनं टाकलं. जाड कागद, लवकर पेटंना. मग बबननं काठीनं उघडून उघडून जाळलं, एकेक पान. घर गेलं, गाय गेली, रस्ता गेला. बाईचं पान आलं तवा पोरं पुढं सरकली.

नंदी घरी आली अन् पोटभर जेवली. वरून ताक मागितलं. ते मला काही बरं दिसलं न्हाई.

१६ मार्च, रविवार

गेवराईची जीप परत. परत आ.बाईच आधी उतरली, बरोबर थोरला. धाकट्याचं दुसरीकडं जमतंय म्हणली. "ह्या थोरल्यासाठी तुमची पोर पदरात घेतो. आता दुसरं कोण येतंय तुमच्या दारात?"

बबनची मान खाली. थोरला बशीतून चहा ओढत होता. नंदीच्या तोंडाकडं बघितलं न्हाई त्यानं, तिच्या हाताकडंच बघत होता.

मी उठले. समद्यांसमोर सांगितलं, चित्र नंदीचं न्हाई, अमेरिकेतल्या माणसाचं हाय, छापील पुस्तक हाय, खोटं मी बोलले.

आ.बाई म्हणली, "असंल की. दाखवा मग पुस्तक."

सून बबनकडं बघाय लागली. बबन दाराकडं.

निघताना आ.बाई माझ्या पाया पडाय वाकली. उठता उठता कानाशी म्हणली, "आज्जी, छापील कळंना एवढी अडाणी न्हाई मी. त्याच दिशी कळालतं. खालचं इंग्रजी कापून मगच फोटो धाडला." अन् हसली. दात लई सुरेख हायेत बाईचे.

मी माझ्याच गुर्मीत होते, गावात माझ्यावानी बेरकी कुणी न्हाई म्हणून.

बबननं हो म्हणलं न्हाई. न्हाईबी म्हणलं न्हाई. त्यांनी ठेवलेला नारळ मात्र उचलून देवापाशी ठेवला. नंदी त्यांच्या कपबश्या विसळतीय, एकच कप, कवाची.

पाडव्याला परत येतो म्हणून गेलेत.