साहेबांचे टप्पे आणि माझं इ. ओ.

२५ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. लिदाने तर नाहीच नाही.

कारण मोठं आहे. येत्या ३१ डिसेंबरला पंचवीस वर्षं होतील. १९९९ साली त्याच दिवशी मॉस्कोत आमचे मोठेसाहेब देशाचे कार्यवाहक अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी इथे झाबोर्स्कमध्ये मी संस्कृती भवनाचा कार्यवाहक संचालक झालो. ते दुपारी, मी चारच्या सुमारास. आधीचे संचालक टेबलावर किल्ली ठेवून लेकीकडे तांबोवला निघून गेले होते. फॅक्सवर एका ओळीचा हुकूम आला. तो अजून माझ्या डोक्यामागे फ्रेममध्ये आहे.

हा योगायोग नाही. लिदा म्हणते योगायोगच आहे.

फरक एवढाच, की साहेबांचं 'कार्यवाहक' चार महिन्यांत गेलं. माझं जायचंय.

संकल्प:
एक, साहेबांच्या वाटचालीचं प्रदर्शन नव्याने मांडायचं. दोन, रोज पंचवीस जोर. तीन, ३१ तारखेच्या आत पदाच्या पुढचं इ. ओ. काढून घ्यायचं. (कागदावर कार्यवाहकाला आम्ही नुसतं इ. ओ. लिहितो. आणि मी इन्नोकेंती ओलेगोविच, म्हणजे नावानेही इ. ओ. लिदा लग्नापासून एकच विनोद करते, की तू पाळण्यातलाच कार्यवाहक. तिसाव्यांदा ऐकला तरी मी हसतो. संसार आहे.)

२६ नोव्हेंबर, मंगळवार

जोर: चार. गालिच्यात फार धूळ. छातीत जाऊन काही झालं असतं म्हणजे? लिदाला गालिचा झटकायला सांगितलं. ती म्हणाली, झटकणं हाही व्यायामच आहे, उचल.

उद्यापासून.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंतीचं मोजमाप घेतलं. मामला गंभीर आहे.

साहेबांच्या कारकिर्दीचे फलक मी व्हरांड्यात २००० साली लावायला घेतले. २००४ला दुसरा मोठा फलक. २००८ला साहेब अध्यक्षपद सोडून पंतप्रधान झाले, तेव्हा मला वाटलं, झालं, विषय संपला. शेवटी मी स्वतःच्या हाताने वेलबुट्टीची नक्षी काढली, कोपऱ्यात दोन कबुतरं. छान जमली होती. २०१२ला साहेब परत आले, कबुतरं खरवडून काढावी लागली. तेव्हापासून मी शेवटाला नक्षी काढत नाही. माणूस शिकतो.

आता या वर्षीचा फलक लावला की भिंत संपते. पुढे थेट आगीच्या वेळी पळायचं दार. त्यापुढे अंगण, बर्फ आणि पोपोवांची शेळी.

तैसिया कार्पोव्ना (आमचा गायनवृंद तीच चालवते, शिवाय कपडेपट आणि सगळ्यांची चौकशी) बाजूला उभी राहून सूर्यफुलाच्या बिया खात होती. म्हणाली, इन्नोकेंती ओलेगोविच, आता दारच हलवा, साहेब काही हलायचे नाहीत. मी म्हटलं, टरफलं उचला. टरफलं शेवटी मीच उचलली.

२ डिसेंबर, सोमवार

जिल्ह्याच्या संस्कृती खात्याला अर्ज पाठवला, कायम करा म्हणून. हा अकरावा. खात्यात आता नव्या प्रमुख आहेत, स्नेझाना आर्तुरोव्ना. वय बत्तीस. लहानपणी आमच्याच भवनात नववर्षाच्या नाटुकल्यात अळंबी झाली होती. तिची टोपी मी माझ्या हाताने चिकटवली होती. अशी माणसं उपकार विसरत नाहीत.

जोर: शून्य. सोमवार.

३ डिसेंबर, मंगळवार

अर्जासोबत जोडायला तक्ता केला. साहेबांचे टप्पे आणि माझे, शेजारी शेजारी.

१९९९. साहेब इ. ओ. मी इ. ओ. बरोबरी.
२०००. साहेब पक्के. माझा पहिला अर्ज.
२००४. साहेब दुसऱ्यांदा. अर्ज दुसऱ्यांदा.
२००८. साहेब एक पायरी खाली उतरले. मीही त्या वर्षी शिडीवरून उतरलो, जरा घाईने. डावा घोटा.
२०१२. साहेब परत. मीही परत, सांध्यांच्या आरोग्यधामातून.
२०१८. साहेब चौथ्यांदा निवडून. आमचा बॉयलर चौथ्यांदा बंद.
२०२०. साहेबांना पुन्हा उभं राहता यावं म्हणून आधीच्या मुदती शून्य धरल्या. आमचे प्रेक्षक शून्य.
२०२४. साहेब पाचव्यांदा. मी: चालू आहे.

वाचून स्वतःलाच गहिवरून आलं. लिदाला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, केशा (घरात मी केशा), बॉयलर काढ यातून. काढला नाही. ते माझं काम आहे.

९ डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं! स्नेझाना आर्तुरोव्ना २७ तारखेला प्रदर्शनाच्या उद्घाटनाला स्वतः येणार. तुमच्या नेमणुकीचा मूळ कागद तेव्हा पाहीन, म्हणतात. म्हणजे झालंच की! कागद बघायला कुणी उगाच चाळीस किलोमीटर येतं होय?

दारावरची पाटी पुसली. ही पाटी म्हणजे माझी दूरदृष्टी. २००० सालीच मी ती दोन तुकड्यांत करवून घेतली होती. वर 'इ. ओ. संचालक', खाली 'चुगुनोव'. इ. ओ. गेलं की वरची पट्टी तेवढी बदलायची, आडनावाला हात लावायला नको. कारागीर तेव्हा म्हणाला होता, एकातच करा, वर्षानुवर्षं टिकेल. मी हसलो होतो त्याला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

भिंतीचा प्रश्न सुटला. एक नवा फलक थेट दारावरच लावला. साहेबांचा नाही, तेवढं कळतं मला. माझा. मथळा: 'त्याच दिवशी आपल्या झाबोर्स्कमध्येही...' खाली माझा फोटो, १९९९चा, केसांसकट.

एकच खोट. कुणी दार उघडलं की मी बाहेर अंगणात जातो, बंद केलं की आत. तैसिया सिगारेट ओढायला दिवसातून सात वेळा बाहेर जाते. दुपारपर्यंत फोटोवर बर्फ साचला होता. शेळीनेही वास घेतला म्हणे.

२० डिसेंबर, शुक्रवार

साहेब दरवर्षी टीव्हीवर बसून जनतेच्या प्रश्नांना चार-चार तास उत्तरं देतात. काल पाहिलं आणि ठरवलं, आपणही. आज दुपारी २ ते ६ 'संचालकांशी थेट संवाद'. पाण्याचा तांब्या, मायक्रोफोन, मागे झेंडा.

लोक: तीन. त्यातला एक जण टपाल कार्यालय समजून आलेला.

पहिला प्रश्न, संडास कधी गरम होणार? मी बॉयलरच्या इतिहासापासून सुरुवात केली. दुसरा प्रश्न तैसियाचा, आम्ही निघू का? दोन वाजून अकरा मिनिटांनी संवाद संपला. आटोपशीर झाला. चार तास म्हणजे जरा पाल्हाळच.

२६ डिसेंबर, गुरुवार

उद्या. सूट इस्त्रीला. भाषण पाठ. वरची नवी पट्टीसुद्धा करवून आणलीय, नुसतं 'संचालक', खिशात ठेवणार. स्नेझाना आर्तुरोव्ना जाहीर करतील, टाळ्या होतील, मी खिशातून पट्टी काढीन. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या खिशात.

लिदा म्हणाली, आपल्यात कुणी वाढदिवसाच्या आधी शुभेच्छासुद्धा देत नाही आणि तू पाटी करून आणलीस? नाट लागू नये म्हणून तीनदा डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं तिने. माझ्याकडून लाकडी टेबलही ठोकून घेतलं. टेबल प्लायवूडचं आहे. असू दे.

जोर: सहा! शुभशकुन.

२७ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५

लिहितो. सूट अजून अंगावरच आहे, पण लिहितो.

उद्घाटन झकास झालं. गायनवृंद वेळेवर आला, पण आगीच्या दाराने, त्यामुळे माझ्या फलकावरचं भाषण चालू असताना मी अंगणात होतो. म्हणजे फलकावरचा मी. असो.

मग स्नेझाना आर्तुरोव्ना माझ्या खोलीत आल्या. मी अळंबीची आठवण काढली. त्या म्हणाल्या, आठवतंय ना, तुमच्या डिंकाने टोपी निघेना, आईला माझे केस कापावे लागले. मी हसलो. त्या नाही हसल्या.

मग फ्रेममधला कागद वाचला. मोठ्याने. 'चुगुनोव इ. ओ. संचालक, झाबोर्स्क संस्कृती भवन, ३१.१२.१९९९पासून.' पुन्हा वाचला. मग मला विचारलं, तुमचं नाव काय? म्हटलं, इन्नोकेंती ओलेगोविच. म्हणाल्या, मग यात तुमची आद्याक्षरं कुठायत?

मी दाखवली. ही काय, इ. ओ.

मग कार्यवाहक कुठाय?

मी दाखवलं. हे काय, इ. ओ.

त्या म्हणाल्या, अहो, एकच इ. ओ. दोन्हीकडे कसं चालेल? आमच्या खात्यात आद्याक्षरांशिवाय कुत्र्याचंही नाव लिहीत नाहीत. तुम्ही कार्यवाहक असतात तर दोनदा लिहिलं असतं, 'चुगुनोव इ. ओ., इ. ओ. संचालक'. इथे एकदाच आहे. म्हणजे हे तुमचं नाव आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून पक्के संचालक होतात.

खुर्ची जवळ होती म्हणून बरं. पंचवीस वर्षं! मोठेसाहेब चार महिने कार्यवाहक होते, मी एक दिवसही नाही. मी साहेबांच्या पुढे होतो! मी लिदाला फोन लावला. ती म्हणाली, देवा रे, अकरा अर्ज केलेस, एकदा नीट वाचायचं होतंस. मागून टाळ्या आल्या. तैसिया दाराला कान लावून होती.

पट्टी काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात स्नेझाना आर्तुरोव्ना म्हणाल्या, पण थांबा.

उरलेलं उद्या लिहितो. लिदाने हेरिंग माशाचं सॅलड केलंय, माझ्या आवडीचं. पुढचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

२८ डिसेंबर, शनिवार

उरलेलं.

पक्क्या संचालकाची मुदत पाच वर्षांची असते. मग ती वाढवून घ्यावी लागते. मी घेतली नाही. कशी घेणार? मी तर कार्यवाहक होतो. म्हणजे ३१ डिसेंबर २००४ला माझी मुदत संपली. गेली वीस वर्षं ही जागा कागदावर रिकामी आहे. मी ना पक्का, ना कच्चा. नुसताच येत होतो.

मी म्हटलं, स्नेझाना आर्तुरोव्ना, तेवढ्या आधीच्या मुदती शून्य धरा ना. धरतात की. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यासाठी देशभर मतदान घ्यावं लागतं, इन्नोकेंती ओलेगोविच.

तैसियाला वेगळीच चिंता. मग २०११ साली माझी रजा मंजूर केली कोणी? म्हणजे मी दहा दिवस नुसती पळून गेले होते की काय? वीस वर्षांच्या माझ्या सगळ्या सह्या अशा एकेक करून आठवत बसली बाई. बॉयलरची दुरुस्ती, गायनवृंदाचे गणवेश, कोलेस्निकोवांचं लग्न हॉलमध्ये. ते तरी लागलेलं राहू दे म्हणावं. तीन पोरं आहेत त्यांना.

वाईट वाटलं. आता इथे कशाला लपवू? फार वाईट वाटलं. चूक कुणाचीच नाही, हेच वाईट. शिव्या कुणाला घालायच्या?

३१ डिसेंबर, मंगळवार

पंचवीस वर्षं झाली. बटाटे सोलले, नववर्षाच्या ऑलिव्हिए सॅलडसाठी. लिदा म्हणाली, बारीक चीर. चिरले.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सुट्ट्या संपल्या, हुकूम आला. 'बोकारेवा त. का., इ. ओ. संचालक.' या वेळी नीट लिहिलाय. बोकारेवा म्हणजे आमची तैसिया.

मला आभारपत्र, शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन प्रदर्शनाकडे बघायची परवानगी. स्नेझाना आर्तुरोव्नांनी फोनवर सांगितलं, पुढचा फलक कुठे लावायचा ते तुमच्याशिवाय कुणाला सुचणार? माणसाची कदर आहे तिला.

तैसिया दारात घुटमळत होती. डोळे लाल. म्हणाली, मी मागितलं नव्हतं हो. मला माहीत आहे, नव्हतं मागितलं. मग म्हणाली, पाटीचं काय करू? नवी करायला टाकायची का? मी म्हटलं, कशाला? वरची पट्टी तीच राहू दे, 'इ. ओ. संचालक'. खालची तेवढी काढायची. दोन तुकड्यांत आहे.

स्क्रूड्रायव्हर कुठे असतो ते अख्ख्या इमारतीत फक्त मला ठाऊक. मीच काढली.

पंचवीस वर्षं चुगुनोवच्या वरचं इ. ओ. काढायच्या मागे होतो. इ. ओ. जागच्या जागी आहे. चुगुनोव निघाला.

संध्याकाळी

पट्टी घरी आणली, आपल्या फ्लॅटच्या दारावर लावली. नुसतं 'चुगुनोव'. वर काही नाही. लिदा हात पुसत बाहेर आली, डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाली, छान दिसतंय रे केशा. कायमचं वाटतं.

तिच्यासमोर डोळे पुसले नाहीत. जिन्यात वारा असतो.

एक स्क्रू भवनातच पडला. त्या कोपऱ्यात सध्या चिकटपट्टी लावलीय. तात्पुरती.