होडीतली एक जागा कमी

प्रिय दादा,

काल तू न जेवताच गेलास. भाचीने सगळ्यांसमोर शिडाच्या होडीतून उतरवलं, ते तुला लागलं. "चौघांची होडी, आणि आपण चौघंच तर आहोत. मामाच जड झाला का गं?" तू हसत विचारलंस. ती म्हणाली, "आज तिघंच, मामा." तुझ्याकडे तिने पाहिलं नाही, पाहिलं असतं तर रडली असती.

होडी पूर्ण भरलेली असली की वाऱ्याने कलताच काठ पाण्याला टेकतो, मग शीड धरणाऱ्याला, म्हणजे तिलाच, दुसऱ्या बाजूला बाहेर रेलून तोल सांभाळावा लागतो. सध्या तिला तसं रेलायचं नाही, म्हणून ती एक माणूस कमी घेते. दादा, तिला दिवस गेलेत. मी घरी बस म्हटलं, तर म्हणते, "बाळालाही वारा कळू दे की, आई."

मागच्या वेळी आपण गावभर सांगून बसलो आणि मग सगळ्यांची समजूत तिलाच काढावी लागली. या वेळी तिने मला शपथ घातलीय, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

पोट दिसू लागलं की ती स्वतःच तुझ्या दारात येईल. आधी थोडं ओरड, तो तुझा हक्कच आहे. मग मात्र जवळ घे.

दोघांचीही बोलणी खाणारी,
तुझी धाकटी