सामान घरी येऊन घ्यावे

उम्म अल हस्सम, बहारीन
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

चौदा कप धुऊन पालथे घातले होते, आलं ठेचून झालं होतं, आणि दूध वर यायला लागलं म्हणून मी गॅसपाशी उभी होते. गेल्या रविवारची सकाळ. इथे आठवडा रविवारी सुरू होतो. ऑफिसातली टेबलं पुसून, पाण्याच्या बाटल्या भरून झाल्या होत्या. तुझ्या बाबांचे कंपनीतले जुने सोबती, आपले जयेशभाऊजी, सुट्टीवरून त्या दिवशी हजर होणार होते, म्हणून आलं जरा जास्तच घातलं. त्यांना आल्या आल्या चहा लागतो.

ते आले. तू दिलेली पिशवी त्यांनी पॅन्ट्रीच्या दाराशी, जमिनीवर ठेवली आणि गेले. एरवी पिशवी माझ्या हातात देण्याआधी चटणीचा डबा उघडून, वहिनी हा माझा टोल, म्हणत बोट घालणारा माणूस. या वेळी चिकटपट्टीसुद्धा तुझी तशीच होती. चहा नेला तर म्हणाले, नको, ॲसिडिटी झालीय. वहिनी म्हणाले नाहीत.

सोमवारी शिरीषसाहेबांच्या टेबलावर घरचा थर्मास दिसला. त्यांनाही ॲसिडिटी. बुधवारपर्यंत आपल्याकडच्या पाचही जणांकडे थर्मास आले. बाकीचे नऊ जण, केरळचे, पाकिस्तानचे, इथले, रोजच्यासारखा चहा घेतात. आपल्या मराठी माणसांतच साथ आलीय असं मी रिसेप्शनच्या ग्लॅडिसला म्हटलं. ती वसईची, एरवी कशालाही हसते. या वेळी हसली नाही.

तुझे बाबा गेल्यावर शिरीषसाहेबांनीच शब्द टाकून मला हे काम दिलं. दीड वर्षात त्यांनी माझ्या चहाला कधी नाव ठेवलं नाही. म्हणून विचारते, सामान तू नेहमीसारखं एसटी स्टँडवरच दिलंस ना? फोनवर सांगू नकोस, खोलीत आम्ही चौघी असतो. शिवाय बोललेलं उडून जातं, पत्र परत वाचता येतं. कागदावर लिहून फोटो पाठव, मीही तसाच पाठवते.

बाबांचा मफलर मिळाला. इथे सध्या वारा गार आहे, सकाळी बसला जाताना गुंडाळते. धुतलास ते बरं केलंस. न धुता पाठवला असतास तरी चाललं असतं.

मावशीला नमस्कार सांग. लोभ तर आहेच, तो अभ्यास बुडवून मागू नये.

तुझी,
आई

कराड
१८ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

स्टँडवर नाही दिलं. त्या दिवशी मला ताप होता आणि मावशी शेतावर गेली होती. जयेशकाकांची गाडी हायवेने सांगलीहून पुण्याला जाणार होती. दहा मिनिटांचं तर अंतर, म्हणून मी त्यांना घरचा पत्ता दिला. तेही म्हणाले, तुझ्या बाबांचं घर इतक्या वर्षांत पाहिलं नाही, येतोच.

ते आले, खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो आहे, आणि त्याच्या वर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा. त्यांनी वर पाहिलं. मग विचारलं, हे फोटो कुणी लावलेत? मला प्रश्नच कळला नाही. आमचेच आहेत, म्हणाले मी. त्यांनी पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. चहा टाकला होता तो न घेताच, विमान चुकेल म्हणून उठले. विमानाला अजून नऊ तास होते. तो चहा मीच प्यायले आणि मनात म्हटलं, किती घाईचा माणूस.

काल तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बाबा कायम सामान स्टँडवरच का द्यायला लावायचे. त्यांच्या पत्रात कधी जयभीम का नसायचं तेही. मला वाटायचं, घर लहान आहे म्हणून लाजतात. मला कुणीच कसं सांगितलं नाही?

माझ्यामुळे झालं हे. तू इकडे निघून ये. शेवटचं वर्ष आहे, मी मेडिकलच्या दुकानात अर्धा दिवस काम करून डी.फार्म. पुरं करीन.

लोभ असावा, आणि राग आला असेल तर तोही लिहावा.

तुझी,
कस्तुरी

उम्म अल हस्सम
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

राग आला, पण तुझा नाही. आजारी पोरीने दारात आलेल्या माणसाला पाणी दिलं, यात तुझं काय चुकलं?

तुला सांगितलं नाही ते आम्हा दोघांचं ठरलं होतं. आपलं आडनाव दोन्हीकडे चालतं. बाबा इथे आले तेव्हा कुणी तरी विचारलं, तुम्ही आमच्यातलेच ना? ते गप्प बसले. समोरच्याने ते हो धरलं. मग सतरा वर्षं ते सलमाबादच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि सतरा वर्षं गप्प होते. शिरीषसाहेबांच्या गणपतीत आरतीचं तबक धरायचे. सुट्टीवर घरी आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. कामाचा शीण असेल असं मला वाटायचं.

ते गेले तेव्हा त्यांची शवपेटी विमानतळावर जयेशभाऊजींनीच नेली. एका बाजूने ते, एका बाजूने शिरीषसाहेब. हे मी विसरलेले नाही, म्हणून गेला आठवडा मी काही बोलले नाही.

आता पुढचं. काल शिरीषसाहेबांनी बोलावलं. उभ्यानेच सांगितलं की पॅन्ट्रीत आता काम कमी झालंय, मला सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पवर पाठवायचं आहे, तिथल्या खोल्या आणि संडास-बाथरूम बघायला. तिकडचं काम तुम्हाला जड जाणार नाही, तुम्हाला सवय असेल, असं म्हणाले. मी आयुष्यभर लोकांच्या शेतात भांगलण केली आणि घरी शिलाई केली. कसली सवय ते त्यांनी सांगितलं नाही.

कुठलंही काम हलकं नाही हे मला कळतं. कंपनीने पहिल्या दिवशी पाठवलं असतं तर गेले असते. पण फॉर्मवर छापलंय की ही बदली कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या विनंतीवरून. ग्लॅडिसने वाचून दाखवलं. मंगळवारी ऑफिसच्या रशीदा मॅडमसमोर सही करायची. नाही केली तर व्हिसा पुढे वाढवतील की नाही, माहीत नाही. वाढवला नाही तर मार्चमध्ये मला परत यावं लागेल आणि तुझं शेवटचं वर्ष तुझ्याच अंगावर पडेल. म्हणून तुला विचारते. तू आता लहान नाहीस.

मावशीला यातलं इतक्यात सांगू नकोस, ती रडून गाव गोळा करील. औषध वेळेवर घे. माया आहे तशीच आहे.

तुझी,
आई

कराड
२५ जानेवारी २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

सही करू नकोस. मार्चमध्ये यावं लागलं तर ये, मी स्टँडवर नाही, दारात उभी राहीन. दुकानात विचारून आले, सोमवारपासून बोलावलंय. पण एक सांगते, नुसतं नाही म्हणून येऊ नकोस. तसं केलंस तर ते म्हणतील बाई कामचुकार होती. का नाही ते लिहून दे.

बाकी ताप उतरला. तुझ्या चहावाचून ज्यांचं अडत नाही, त्यांच्यावाचून आपलंही अडू नये.

तुझी,
कस्तुरी

उम्म अल हस्सम
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

चि. कस्तुरीस,
सप्रेम जयभीम. बहारीनमधून हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

आज अकरा वाजता रशीदा मॅडमनी बोलावलं. त्या बहारीनी, पण हिंदी कामापुरतं बोलतात. फॉर्म पुढे केला. सहीच्या वर ‘कारण’ अशी चौकट आहे. मी पेन मागितला आणि त्यात मराठीत लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला गेले. तुझ्या दुसरीच्या पाटीवर शिकलेलं अक्षर, वेळ लागला. लिहिलं ते असं, की मी बदली मागितलेली नाही. जयेश माझ्या घरी गेले आणि आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कळलं. त्यानंतर पाच जणांनी माझ्या हातचा चहा सोडला. त्याआधी दीड वर्ष तेच लोक तोच चहा पीत होते. चहात काही बदललेलं नाही. खाली नाव लिहिलं. सहीची जागा मोकळी ठेवली.

मॅडमना मराठी येत नाही. त्यांनी जयेशभाऊजींना वाचायला बोलावलं. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, अक्षर लागत नाही. मग मॅडमनी ग्लॅडिसला हाक मारली. ती सातवीपर्यंत वसईच्या मराठी शाळेत शिकलेली. तिने आधी मराठीत मोठ्याने वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

शिरीषसाहेब आले. हा सगळा गैरसमज आहे, ॲसिडिटी आहे, म्हणाले. मॅडमनी विचारलं, पाचों को? एक ही हफ्ते में? ते म्हणाले, हे आमच्या लोकांचं आपसातलं आहे, तुम्हाला कळणार नाही. त्यावर मॅडम म्हणाल्या की मग मोठ्या साहेबांना कळतंय का बघू, आणि फॉर्म फाईलमध्ये घातला. एवढंच झालं. पुढे काय होईल कुणी सांगितलं नाही. व्हिसाचंही नाही.

तुझे बाबा असते तर त्यांनी सही केली असती. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी गप्प राहून आपल्याला जगवलं. पण ते इथे सतरा वर्षं एकटे होते, हे मला आज त्या सगळ्यांसमोर उभी असताना कळलं. मफलर गळ्यात होता.

दुकानातून आल्यावर जेवत जा. पत्र आलं नाही तर काळजी करू नये, आलं तर उत्तराला उशीर करू नये.

तुझी,
आई

ता. क. काल फोटो पाठवायचा राहिला. आज बुधवार. ऑफिसात पॅन्ट्रीबाहेर एक बोर्ड आहे. सुट्टीवर जाणारे त्यावर तारीख लिहितात, आणि ज्यांना गावाहून काही आणवायचं असेल ते खाली चिठ्ठी लावतात. थर्मासवाल्या पाचांतले कोल्हापूरचे पांडुरंग पुढच्या महिन्यात कराडवरून जाणार आहेत. सकाळी मी चौदा कप धुतले, चौदा कपांचा चहा ठेवला, आणि त्यांच्या तारखेखाली चिठ्ठी लावली. आपल्या घराचा पूर्ण पत्ता लिहिला, वॉर्डाच्या नावासकट. त्याखाली लिहिलं, चटणी आणि काळा मसाला आणावा, सामान घरी येऊन घ्यावे.