पोटात खरंच दुखत होतं

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या मधल्या भावाचा नमस्कार. (एरवी साष्टांग लिहिला असता, पण सध्या खाली वाकलं की आंबट पाणी थेट घशाशी येतं, तेव्हा उभ्यानेच घे.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचे गुडघे? आणि तुझं ते पित्त? जेवल्या जेवल्या मासिक घेऊन आडवी होतेस, ती सवय आधी सोड. पोटातलं आम्ल उलटं वर चढतं आणि छातीत जळजळतं, असं आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. मी तुला पथ्य सांगतोय, यावरून माझ्यावर काय वेळ आली आहे ते ओळख.

विशेष हे, की धाकटा माझ्याशी बोलत नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. कोणत्या शब्दांत आलं असेल, तेही मला ठाऊक आहे, म्हणून तर एवढं लांबलचक लिहितोय. त्याच्या नव्या शिलाईच्या दुकानाच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. (आपल्या दुकानाच्या बरोब्बर समोर, मध्ये फक्त रस्ता. काचेचं दार, कपडे घालून बघायला तीन-तीन आरसे. आपल्याकडच्या आरशात गिऱ्हाईक कमरेपर्यंतच दिसतं, पँट त्याने अंदाजाने पसंत करायची.) फीत कापायला त्याने कात्री माझ्याच हातात दिली. आणि नेमकी तेव्हाच बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, तापलेली इस्त्री टेकवावी तशी आग पडली. कात्री हातातून सुटली. धाकटा विचारतोय, काय झालं दादा? आणि मी त्याच्या सासूसासऱ्यांदेखत, गल्लीतल्या यच्चयावत गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने म्हणालो, ‘पोटात दुखतंय रे!’

हसू नकोस ताई. तिथेही मागून कुणीतरी हसलं. धाकट्याचा चेहरा खाडकन उतरला, त्याने कात्री उचलून स्वतःच फीत कापली आणि मी पोट धरून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर तुझी भावजय म्हणाली, ‘अहो, दुखत असलं तरी असं चारचौघांत बोलून दाखवतात का?’ म्हणजे बघ, चोवीस वर्षं संसार केला त्या बाईलासुद्धा मी भावावर जळतोय असंच वाटलं! दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीवाल्याबरोबर निरोप धाडला, की काल माझ्या खरंच पोटात दुखत होतं. त्या भल्या माणसाने दुकान भरलेलं असताना दारातूनच सांगितलं, ‘दादा म्हणतात, त्यांच्या पोटात खरंच दुखतंय!’ तेव्हापासून धाकटा समोरच्या फुटपाथवरून मान वळवून जातो.

इकडे दुखणं चालूच. मापाला हात वर केलेला माणूस गप्प कधीच बसत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं रोज नवं निदान करून जात. निवृत्त मास्तर म्हणाले, पित्ताशयात खडे असणार, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ येते आणि खांद्यापर्यंत जाते. मी दोन दिवस खांदा चाचपत बसलो. एक बाई म्हणाल्या, बद्धकोष्ठ, दिवसभर बैठं काम, पाणी पीत नाही, पालेभाजी खात नाही. (यातलं बरंचसं खरं निघालं, पण दुखणं ते नव्हे.) रोज एक आजार शिवायला घ्यायचा आणि संध्याकाळी उसवायचा, असं चाललं होतं. शेवटी तुझ्या भावजयीने दंड धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखतं कधी? म्हटलं, पोट रिकामं असलं की. खाल्लं की थांबतं, मग पुन्हा सुरू. वजन घटलंय का, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच? (असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक या, म्हणाल्या. तूही लक्षात ठेव.) तसलं काही नव्हतं. मग घशातून एक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. निघालं काय, तर अल्सर. पोटाच्या आतल्या अस्तराला जखम. अस्तर म्हणताच मला एकदम सगळं उमगलं! कोट वरून झकास, आतून उसवलेला. रफू होईल का, विचारलं. म्हणाल्या, औषधाने आपोआप भरेल, पण अस्तर फाडलं कशाने ते सांगा. तिखटाने, म्हणालो. नाही म्हणाल्या. काळजीने? तेही नाही. एक तर पोटात जंतू सापडलाय, आणि दुसरं, दुखणं थांबवायच्या गोळ्या किती खाता?

इथे मी बोटं मोजायला लागलो. मान अवघडते म्हणून सहा महिने रोज दोन-तीन गोळ्या, नुसत्या चहावर, उपाशीपोटी. धाकटा नव्या दुकानाच्या धावपळीत होता, आपल्या दुकानातली त्याच्या वाटणीची सगळी कटाई मीच करत होतो आणि कुणाला बोललो नव्हतो. तुझ्या भावजयीने तिथेच माझ्या खिशातली पुडी काढून टोपलीत टाकली. आता जंतूवर दोन आठवड्यांचं औषध आहे, आम्ल कमी करायचं निराळं. आठच दिवसांत बराच आराम आहे. काल पोटभर जेवलो आणि नंतर कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. खडखडीत बरा होणार बघ.

भावोजींना नमस्कार.

तुझा मधला

ता. क. मुख्य काम राहिलंच. धाकटा फक्त तुझं ऐकतो. तपासणीच्या कागदाची नक्कल सोबत आहे, पोटाचा रंगीत फोटोही आहे. तो त्याला दाखव आणि सांग, दादाचं पोटातलं पोट दुखत होतं. शब्द नीट जपून वापर, नाहीतर पुन्हा इस्त्रीवाल्यासारखं व्हायचं.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. ताई, फोटोत जखम एकच दिसते. काजं करायला मी शिकवलं त्याला, आणि त्याचं दुकान माझ्याहून देखणं झालं. फीत कापायच्या आधी तेही दुखलं होतं. थोडंसंच. त्याहून जास्त दुखलं, ते टेबलाची त्याची बाजू रिकामी झाली म्हणून. एवढं वगळून बाकीचं त्याला वाचून दाखव.

शेवटचं. वगळू नकोस. तेच त्याला आधी वाचून दाखव.