पाहुण्याचा नकार

सर, आज कॉलेजात तुमच्या 'पाहुण्या'वरून मी भांडले. चांगलीच भांडले, बाहेरची पोरं दारातून डोकावून गेली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यासाठी भांडायची पाळी यावी, याचाच मला जास्त राग आलाय.

आपल्या विभागात गमतीच्या प्रोग्रॅमचं प्रदर्शन मांडलंय. कुणी चपलेच्या आकारात कोड टाइप केलाय आणि तरी तो चालतो, कुणाचा प्रोग्रॅम नुसत्या जांभया देतो. आता ह्याला कला म्हणतात, खाली पाट्या लावतात. तुम्ही ह्याच लॅबमध्ये 'पाहुणा' हा प्रोग्रॅम लिहिलात, तेव्हा प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कॉलेजची वीज जाळून हे काय चाळे?" तुम्ही नुसते हसलात. मला ते हसणं तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. सुनवायचं होतं की चार शब्द!

मला तो तास अजून दिसतो. मी पहिल्या वर्षाला आहे. 'पाहुणा' दोन आकड्यांची बेरीज करतो, एवढंच तुम्ही सांगितलंय. मी आकडे घालते, बटण दाबते, तर पडद्यावर येतं, "नको नको, आत्ताच झालंय." मी हात वर करते, "सर, हे बिघडलंय." तुम्ही खडू ठेवून माझ्या मागं येऊन उभे राहता. "बिघडलंय? एकदा इचारलंस आणि उठलीस? घरी पावणं आलं की असंच करतीस व्हय?" अख्खी लॅब हसते, माझे कान तापतात. पुन्हा दाबते. "खरंच नको." चिडून तिसऱ्यांदा दाबते, तेव्हा कुठं येतं, "बरं, एवढा आग्रह करताय तर घेतो थोडं," आणि खाली बेरीज. मग मीही हसत सुटले. तुम्ही म्हणालात, "यंत्र नको म्हणालं म्हणून हात झाडून उठायचं नसतंय, पोरी." आज नोकरीत माझं पोट त्याच एका वाक्यावर चाललंय.

आणि आज तिथला नवा विभागप्रमुख मला कौतुकानं सांगतोय, "मॅडम, सरांच्या प्रोग्रॅममध्ये एक बग होता. लोक एकदा बटण दाबायचे, 'नको' दिसलं की बंद आहे समजून पुढं जायचे. आम्ही तो काढला. आता पहिल्या झटक्यात उत्तर येतं." मी पाच आणि सात घातले. बारा आले. पाटीवर तुमचं नाव आणि वर कॅल्क्युलेटर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अहो, पाहुणा नको म्हणाला की तुम्ही ताट उचलता काय? कोल्हापुरातच राहता ना?" तो म्हणाला, "पण आता एवढा वेळ कुणाला आहे, मॅडम?" "मग प्रदर्शन कशाला मांडलंय? एक तर सरांचं नाव काढा, नाहीतर त्यांचा नकार परत घाला." बिचाऱ्यानं मुकाट्यानं जुनी प्रत शोधून लावली.

तुमच्या घरून काकूंना मीच रिक्षानं घेऊन गेले होते. तुमच्या प्रोग्रॅमपुढं त्या कधी बसल्याच नव्हत्या म्हणे. चष्मा लावून बसल्या, मी सांगितलं तसं बटण दाबलं. "नको नको, आत्ताच झालंय." पुन्हा दाबलं. "खरंच नको." आणि काकू त्या पडद्यावरच खवळल्या, "जन्मभर ह्येच केलंसा! पोटात भूक असली तरी नको. किती मागं लागायचं माणसानं?" असं म्हणून बोट आपटलं. "बरं, एवढा आग्रह करताय तर घेतो थोडं." काकूंनी डोळ्याला पदर लावला.

विभागप्रमुख धावत पाण्याचा ग्लास घेऊन आला. काकू म्हणाल्या, "नको, राहू दे." तो ग्लास घेऊन परत निघाला की हो! मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो थबकला, वळला. "घ्या की, काकू." "नको बाबा." "घोटभर तरी घ्या." मग त्यांनी घेतलं.

ती जुनी प्रत मी मागून आणलीय. घरी आल्यापासून लावून बसलेय. हे पत्र कुठं टाकायचं, हे काही मला माहीत नाही, त्यामुळं खरं सांगायला हरकत नाही. दुपारी एवढी भांडले, पण मी दोनदाच विचारते आणि थांबते. तिसऱ्यांदा विचारलं की तुम्ही घेता, आणि प्रोग्रॅम संपतो.